भागोजी सुताराचं 'उद्या'

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कृष्णाबाईच्या घराची मागची खोली अशी होती, की तिच्यात शिरायला माणूस धजत नसे. भुताखेताचं काही नव्हतं. जागाच नव्हती. दार लोटलं की आतून काहीतरी घरंगळत येई, आणि ते काय आहे हे कळायच्या आत त्याच्यामागून दुसरं येई. काच नसलेला कंदील होता, काड्या बाहेर आलेली छत्री होती, तीन पायांचा चौरंग होता, गळकी बादली होती, फुटलेल्या होडीचं सुकाणू होतं. या सगळ्यांवर कुजक्या सुती जाळ्यांचा ढीग होता आणि त्या ढिगाखाली काय काय आहे, हे फक्त कृष्णाबाईच्या नवऱ्याला, शिवदास तांडेलाला माहीत होतं. कदाचित त्यालाही नसेल.

यातलं काहीही टाकू म्हटलं की शिवदास एकच सांगे, "लागंल कधीतरी."

आजवर हे चालून गेलं होतं. पण ज्येष्ठ सरता सरता एकदऱ्याहून लेकीच्या सासूचा निरोप आला. कमळचं पहिलंच बाळंतपण. "नारळी पौर्णिमा झाली की पोरीला न्या. पण निजायला जागा हाय ना? नसंल तर ऱ्हाऊ दे. आमच्याकडची खोली मोकळी हाय."

त्यातलं 'मोकळी हाय' कृष्णाबाईला माशाच्या काट्यासारखं घशात बसलं. लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं, तर कोळीवाड्यात तोंड कुठे दाखवायचं?

तिने आधी सरळ मार्ग करून पाहिले. गळकी बादली ओहोटीला खाडीत सोडली. ती भरतीला परत आली आणि शिवदासने गुडघाभर पाण्यात जाऊन तिचं स्वागत केलं. "बघ, दर्यालाबी कळतं कोणाची वस्तू कोणाची," तो म्हणाला. कंदील बोहारणीला दिला, तर त्याने तिला बाजारात गाठून तो सोडवून आणला आणि बदल्यात घरातलं चांगलं पितळी पातेलं देऊन आला. छत्री शेजारच्या चंद्राबाईला फुकट दिली, तर तिच्याकडे जाऊन, "वापरत न्हाय ना?" असं विचारून ती काखेत मारून घरी आला.

"अवं, टाकायचं नसंल तर दुरुस्त तरी करा!" कृष्णाबाई कळवळून म्हणाली.

"करतो की. उद्या करतो."

हे 'उद्या' शिवदासने भागोजी सुताराकडून उचललंय, असं कृष्णाबाईचं पक्कं मत होतं. भागोजी हा होड्यांचा सुतार आणि शिवदासचा जिवाभावाचा मित्र. हात सोन्याचा, पण जिवंत असेपर्यंत त्याने कोणाचं काम वेळेवर दिलं नाही. ज्याला त्याला "उद्या देतो." गेल्या श्रावणात तो तापाने गेला, तेव्हाही दोघाचौघांनी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली, असं कोळीवाड्यात सांगत.

कृष्णाबाईला उपाय सुचला तो चंद्राबाईमुळे. एका सकाळी चंद्राबाई डोक्यावरची पाटी सावरत चिखलातून लांबचा वळसा घेऊन येताना दिसली.

"काय गो, चांगली वाट सोडून चिखलातनं कशाला?"

"तिठ्यावर उतारा ठेवलाय कोणी तरी. कोरं सूप हाय बाय, नारळ हाय, चोळीचा खण हाय. पण हात लावील कोण? उचलील त्याच्या मानगुटीवर बसंल ना ते!"

चंद्राबाई गेली, पण कृष्णाबाई तशीच उभी राहिली. कोरं सूप. नारळ. खण. आणि कोणी हात लावत नाही! साऱ्या रेवदंड्यात ही एकच जागा अशी होती, जिथून शिवदाससुद्धा काही परत आणणार नाही.

अमावास्येच्या तिन्हीसांजेला, पाऊस भुरभुरत असताना, ती तिठ्यावर गेली. तिथे उंडीचं जुनं झाड होतं. त्याच्याखालून एक वाट खाडीकडे जाई, एक बाजारात आणि तिसरी मसणात. तिने चौरंग ठेवला. उतारा सुपात ठेवायचा असतो, पण चौरंग सुपात मावेना, म्हणून सूपच चौरंगावर ठेवलं. वर कापलेलं लिंबू, कुंकू, काळा दोरा. मग मागे वळून न बघता घरी आली. रीतच तशी असते. शिवाय तीन पायांवर कललेल्या त्या चौरंगाकडे तिला बघवत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी कंदील गेला. तिसऱ्या संध्याकाळी छत्री. कोळीवाडा तिठ्यावरून जायचा बंद झाला.

"कोणाला गो एवढं लागलंय?" चंद्राबाई कुजबुजली. "रोज उतारा! आणि छत्री कशाला उताऱ्यात?"

"त्याला पावसात भिजायला नको असंल," कृष्णाबाई म्हणाली आणि घाईघाईने घरात गेली.

शिवदास जेवताना म्हणाला, "तिठ्यावरचा कंदील आपल्या कंदिलासारखा दिसतो."

"कंदील सगळे सारखेच दिसतात."

"छत्रीबी."

"छत्र्यापण."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि भाताचा गोळा तसाच गिळला. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवलेली असे आणि तांडेलाला निजण्यापलीकडे काम नसे. त्या दिवसापासून शिवदासने दुपारची झोप सोडली. "होडी गळते का बघतो," म्हणून तो जाई, तो दिवे लागल्यावरच येई. कृष्णाबाईला बरंच वाटलं. तो घरात नसला की खोलीतून सामान काढायला मोकळीक.

पाचव्या दिवशी पहाटे तिने मागचं दार उघडलं. पाऊस थांबला होता. परसात धुकं इतकं दाट होतं, की माडांचे नुसते बुंधे दिसत होते, वर काही नव्हतं. आणि उंबऱ्याबाहेर, दाराकडे तोंड करून, चौरंग उभा होता.

चार पायांवर.

मधोमध तिचंच लिंबू होतं, वाळलेलं.

तिने दार लावलं, देवापुढे दिवा लावला आणि पुन्हा दार उघडलं. चौरंग होताच. संध्याकाळी तिने तो पदराखाली झाकून पुन्हा तिठ्यावर नेला, या वेळी दोन लिंबं ठेवली. पहाटे चौरंग परत दारात. त्याच्या शेजारी कंदील. कंदिलाला काच होती, आणि काच पुसलेली होती.

आजवर घासलेटाच्या दिव्याची काच या घरात तिच्याशिवाय कोणी पुसली नव्हती. म्हणजे हे घरातल्या माणसाचं काम नव्हे, एवढं तिला लख्ख कळलं.

खोटा उतारा ठेवला. तिथल्या कोणाला तरी खोट्यानं बोलावलं. आणि तो आला. हे सांगणार कोणाला? सांगायचं तर आधी हेही सांगावं लागणार, की कोणाला काही लागलेलं नव्हतं, नवऱ्याची अडगळ होती.

तोवर चंद्राबाईच्या घरून किंकाळी आली.

कृष्णाबाई धावत गेली. चंद्राबाई पडवीत बसकण मारून बसली होती आणि तिच्यापुढे मासे कापायची मोरळी होती. जुनीच, पण खालची फळी दोरीने घट्ट आवळून बांधलेली.

"ही माझी मोरळी गो! तीन पावसाळ्यांमागं फळी चिरली म्हणून भागोजीला दिलेली. रोज म्हणायचा, उद्या देतो. तो मेला, मोरळी गेली. आणि आज..." तिने मोरळीकडे बोट दाखवलं. "आज दिली!"

ही मोरळी कृष्णाबाईने परवाच, जाळ्यांच्या ढिगाखालून निघाली म्हणून, तिठ्यावर ठेवली होती. कोणाची हे तिला माहीत नव्हतं. तिठ्यावरच्याला माहीत होतं.

दुपारपर्यंत कोळीवाड्यात एकच नाव झालं. मग लोकांना आठवलं, की गेले काही दिवस किनाऱ्याकडून आवाज येतो. ठक, ठक. पावसात आवाज कुठून येतो ते समजत नाही. शाकारलेल्या होड्यांच्या रांगेत कुठे तरी, एवढंच. वासे ठोकायचा भागोजीचा हातोडा असाच वाजायचा, असं ज्यांनी कधी भागोजीला काम करताना पाहिलं नव्हतं तेही सांगू लागले.

काळूराम भगताला बोलावलं. त्याने तांदूळ टाकले, डोळे मिटले, घुमला आणि गंभीरपणे म्हणाला, "जीव अडकलाय."

"कशात?"

"उद्यात."

काळूराम पुढे म्हणाला, "याची कामं राहिलीत. ती सरली की जाईल. कोणी अडवू नका, कोणी बघायला जाऊ नका."

कृष्णाबाईने त्याला बाजूला घेतलं. "भगता, माझी कमळ येणार. आणि तो पहिला माझ्याच दारात आला. बाळंतीण घरात आणू ना?"

"पहिला तुझ्याच दारात आला ना तो? डोळा हाय त्याचा तुझ्या घरावर. त्याचं काम सरल्याबिगर पोरीला आणू नको."

म्हणजे खोली रिकामी होत आली, तेव्हा घरच गेलं. कृष्णाबाई त्या रात्री जेवली नाही.

गावाचं मात्र निराळं झालं. पहिले काही दिवस भीती होती. मग काळूरामाच्याच घुमण्याच्या ढोलाचं पान फाटलं आणि तो ढोल, लिंबासकट, तिठ्यावर दिसला. तिसऱ्या पहाटे ढोल काळूरामाच्या दारात वाजायला तयार होता. त्यानंतर कोळीवाड्यातल्या प्रत्येक घराला आठवलं, की भागोजीकडे आपलंही काहीतरी राहिलं होतं. ज्यांचं राहिलं नव्हतं त्यांनाही आठवलं. तुटकी बाजली, दांडा गेलेल्या कुऱ्हाडी, दाते पडलेल्या खोबरं खवायच्या खवण्या, मोडकी वल्ही तिन्हीसांजेला उंडीखाली येऊ लागल्या. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं सामान हलू लागलं. घरं मोकळी झाली, आणि जे परत आलं ते वापरात आलं. रेवदंड्याच्या बाजारात लिंबू मिळेनासं झालं. लोकांची भीड चेपली. "भागोजी, बाजल्याचा पाय जरा उंच ठेव रं," असं झाडाकडे बघून सांगायची सुरुवात झाली. तक्रारीही आल्या.

"जिवंत होता तवा काय सफाईनं काम करायचा," चंद्राबाई म्हणाली. "आता बघ, नुसती दोरीनं बांधाबांध!"

"मेल्यावर खिळे कुठनं आणील गो?" कोणीतरी म्हणालं.

कृष्णाबाईने न राहवून मोरळी हातात घेतली. आणि तिचा हात थांबला.

जाळं विणताना गाठ मारायची ज्याची त्याची रीत असते. सही एक वेळ चुकेल, गाठ चुकत नाही. शिवदास डावखुरा. त्याची गाठ उलटीकडून येई आणि शेवटी दोरीचं टोक कानासारखं वर राही. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशेजारी बसून जाळी विणत होती. मोरळीच्या फळीवर तो कान वर काढून उभा होता. बाकी कोळ्यांनाही ती दिसली असती. पण भुताची गाठ निरखून बघायला छाती लागते.

ती तडक किनाऱ्यावर गेली. शाकारलेल्या होड्या ओळीने पडल्या होत्या, ओल्या झावळ्यांखाली, पाय पोटाशी घेऊन निजल्यासारख्या. ठक, ठक. मग, "आई गं!" मग पुन्हा ठक, ठक. तिने आपल्या होडीच्या झावळ्या बोटभर बाजूला केल्या.

आत शिवदास बसला होता. आजूबाजूला गावभरचं मोडकं सामान, पुढ्यात पत्र्याची उघडी पेटी, पेटीत भागोजीचा रंधा, भागोजीची पटाशी, भागोजीचा हातोडा. अंगठा तोंडात धरून तो चोखत होता, आणि तिने लग्नापासून त्याला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

कृष्णाबाईचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ संताप आला. एवढी वर्षं घसा फोडून सांगितलं, तर कंदिलाला काच बसली नाही, आणि आता काच बसून पुसलीसुद्धा! तिने झावळी उचलायला हात घातला. आणि मागे घेतला. आत जाऊन भांडलं तर काय होईल? भूत जाईल, नवरा उरेल. नवऱ्याचा अनुभव तिला होता.

ती पाय न वाजवता परत आली आणि कामाला लागली. मागच्या खोलीतलं उरलेलं सगळं एकेक करत उंडीखाली गेलं. कुजक्या जाळ्यांचा पडवळांना मांडव झाला. सुकाणूचं फडताळ झालं. स्वयंपाकघराच्या छपराचं एक कौल फुटलं होतं, त्यावर तिने जरा विचार केला. मग ते फुटकं कौलच नेऊन उंडीखाली ठेवलं, वर लिंबू. दुसऱ्या दिवशी शिवदास छपरावर दिसला.

"तिकडं काय करता?"

"काय न्हाय. सहज चढलो. दर्या कसा दिसतो बघतोय."

खोली सारवून झाली. नारळी पौर्णिमा झाली, आणि होडी दर्यात लोटायच्या आधी शिवदास कमळला आणायला निघाला. पहाटेच तरीने खाडी ओलांडायची, पलीकडून एस. टी.ने एकदरा, रात्र तिथे काढायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला घेऊन परत. तो निघाला तेव्हा त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

त्या संध्याकाळी, खोली शेवटची झाडताना, कृष्णाबाईला वर माळ्यावर, भिंतीशी उभा केलेला पाळणा सापडला.

कमळ जन्मली तेव्हाचा. भागोजीने स्वतः आणून दिला होता, सागवानी, कठड्यावर मासे कोरलेले. टांगायच्या कड्या अडकवायला चार कोपऱ्यांत चार खुंट्या हव्या होत्या. तीन भोकं पाडली होती, चौथ्या कोपऱ्यावर कोळशाची खूण. "खुंट्या उद्या बसवतो," म्हणून गेला तो गेला. कमळ जुन्या शिडाच्या झोळीत वाढली.

नवरा गावी नाही हे तिच्या लक्षात होतं. आल्यावर करील, म्हणून तिने पाळणा उचलून उंडीखाली नेला. तिथे दुसऱ्या कोणाची तरी एक पेटी होती, गोणपाटावर, वर लिंबू. भागोजीने पेट्याही दुरुस्त कराव्यात म्हणजे फार झालं, असं म्हणून ती परत फिरली.

पहाटे तिला अर्धवट जाग आली. किनाऱ्याकडून आवाज येत होता. ठक, ठक, ठक. संथ, एका लयीत, मध्ये एकदाही "आई गं" नाही. कामाला हात बसला वाटतं, असं मनात म्हणून ती कुशीवर वळली. आणि मग तिला आठवलं, की शिवदास एकदऱ्याला आहे.

उजाडेपर्यंत ती हलली नाही. उजाडल्यावर दार उघडलं. पाळणा उंबऱ्याशी होता. दोरी कुठेच नव्हती. तीन कोपऱ्यांत तीन उंडीच्या खुंट्या, तासून गुळगुळीत केलेल्या, इतक्या ताज्या की लाकडाचा ओला वास येत होता. चौथ्या कोपऱ्यावर कोळशाची खूण तशीच होती.

तिने तिठ्याकडे पाहिलं. उंडीखाली काही नव्हतं. पेटीही नव्हती.

दुपारी शिवदास कमळला घेऊन आला. कमळ आत जाऊन सारवलेल्या खोलीत टेकली, आणि शिवदास परसात येऊन पाळण्यापुढे थबकला.

"हे कोणी केलं?"

"तुमी न्हाय केलं ते ठाव हाय मला," कृष्णाबाई म्हणाली. "बाकी समदं तुमीच केलं तेबी ठाव हाय. डोळ्यानं बघितलंय."

शिवदासचा चेहरा पडला. त्याने पाळण्याच्या खुंटीवरून बोट फिरवलं आणि बोट झटकन मागे घेतलं.

"हत्यारांची पेटी मी काल जाताना तिठ्यावर ठेवली," तो हळू म्हणाला. "म्हटलं, पोर घरात येणार. मेलेल्याची हत्यारं नकोत. त्याची त्याला."

"भागोजीची हत्यारं तुमच्याकडं कशी?"

"मागून आणलेली. एका साली रंधा, एका साली पटाशी. चंद्राबाईची मोरळीबी त्याच्याकडनंच आणलेली. तो बिचारा मागायला यायचा."

"मग?"

शिवदास पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मग मी म्हणायचो, उद्या देतो."

परसात माडांची सावली हलत होती, ती थांबली. एवढी वर्षं साऱ्या कोळीवाड्याने ज्या माणसाला बोल लावला, तो रोज संध्याकाळी या दारात येऊन रिकाम्या हाताने परत जात होता, हे कृष्णाबाईच्या आत्ता डोक्यात शिरलं. तिने पाळण्याच्या चौथ्या कोपऱ्याकडे पाहिलं. भोक पाडलेलं नव्हतं.

"भोकं पाडायचा सामता होता का पेटीत?"

शिवदासने पडवीच्या वाशाकडे नजर टाकली.

"कमळचे बापूस, सामता कुठाय?"

त्याने पडवीच्या वाशात हात घालून, झावळ्यांच्या आतून, गंजलेला सामता काढला. "एकच ठेवून घेतला," तो पुटपुटला. "म्हटलं, लागंल कधीतरी."

कृष्णाबाईने फळीवरचं लिंबू उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं. तिन्हीसांजेला शिवदास तांडेल, ज्याने भर तुफानात सुकाणू सोडलं नव्हतं, तो सामता दोन्ही हातांत धरून, एकटा, तिठ्याकडे चालत गेला, आणि येताना पळत आला.

आत कमळने पाळणा जवळ ओढून घेतला होता. कोरलेल्या माशांवरून हात फिरवत तिने विचारलं, "आये, हा कधी टांगायचा गो?"

कृष्णाबाईने दिव्याची वात वर केली आणि खिडकीतून उंडीच्या झाडाकडे एकदा पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली.